घरची भाषा आणि शाळेतील इंग्रजी

नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेल्या माझ्या भाच्याने मध्यंतरी पत्राने एक शंका विचारली. मुलीला तेथील सरकारी शाळेत दुसरीत घालताना एक छापील पत्रक त्याच्या हाती आले. मुलगी प्रथम कोणती भाषा बोलू लागली, घरात कोणती भाषा चालते, असे त्यात विचारले होते. “मामा, ‘मराठी’ असे लिहिले तर पोरीला मागच्या बाकावर तर बसविणार नाहीत ना?”

ही शंका अगदीच निराधार नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत इंग्रजी न येणारी चिनी वंशाची सुमारे १,८०० मुले कसल्याही साहाय्यावाचून वर्गात बसत असत. शिक्षक तेच, पुस्तके तीच, तेव्हा वागणूकही समानच, अशी अधिकाऱ्यांची भूमिका. १९७४ साली लाऊ विरुद्ध निकल्स या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने अमान्य केली. न कळणाऱ्या भाषेतील पुस्तक मुलाच्या हाती दिले म्हणजे समान संधी दिली असे होत नाही, हा त्या निर्णयाचा आशय होय. नियम सर्वांना सारखा लावला की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या आम्हां सरकारी नोकरांनी तो अवश्य वाचावा!

पत्रकात इंग्रजीखेरीज अन्य भाषा आढळली की मुलाची चाचणी घेतात; ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे या चार अंगांनी. केवळ भाषेच्या नावावरून कोणी वेगळे काढीत नाही. मूल उणे ठरल्यास पालकांना तसे कळवावे लागते. पालकांना विशेष वर्ग नाकारता येतो. वार्षिक चाचणी मात्र टळत नाही. साहाय्याचे प्रकार अनेक आहेत: कोठे स्वतंत्र तास, कोठे त्याच वर्गात दुसरी शिक्षिका, कोठे दोन्ही भाषांतून अध्यापन.

फसगत होते ती पुढेच. मूल मैदानावर फडाफडा इंग्रजी बोलू लागले की आईबापांना आणि शिक्षकांनाही वाटते, झाले! कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखविले, की संभाषणापुरती भाषा दोनएक वर्षांत येते. पण पाठ्यपुस्तकाची भाषा आत्मसात होण्यास पाच ते सात वर्षे लागतात. म्हणूनच विशेष वर्गातून मुक्त झालेल्या मुलावरही पुढे निदान दोन वर्षे शाळेने लक्ष ठेवावयाचे असते.

भाच्याला मी कळविले, ‘मराठी’ असे स्वच्छ अक्षरांत लिही. चाचणीत मुलगी बोलण्यात उत्तम, लेखनात मात्र उणी निघाली. आता ती रोज अर्धा तास वेगळ्या शिक्षिकेकडे बसते, आणि घरी आईशी मराठीतूनच भांडते.