पिसं झडलेल्या कोंबडीला कळप का टोचतो?

दसरा-दिवाळीच्या सुमारास खुराड्यातल्या एखाद्या दीड-दोन वर्षांच्या कोंबडीची मान उघडी पडू लागते. जमिनीवर पिसांचा सडा, अंडी बंद, तुरा फिका आणि आक्रसलेला. ती कोपरा धरून उभी राहते आणि नेमक्या याच दिवसांत बाकीच्या कोंबड्या तिला टोचायला लागतात. घरच्यांना वाटतं, रोग आला. मग बऱ्याच ठिकाणी तिच्यावर सुरी फिरते.

हा बहुतेक वेळा रोग नसतो, ती वार्षिक पीसझड असते. पुण्याच्या अक्षांशावर जूनमधला सव्वातेरा तासांचा दिवस डिसेंबरपर्यंत अकरा तासांवर येतो. कोंबडीला हा फरक डोळ्यांनी कळतोच, शिवाय कवटीतून आत झिरपणारा उजेड टिपणाऱ्या पेशी तिच्या मेंदूतही असतात. उजेड घटला की अंडी घडवणारी संप्रेरकं ओसरतात, अंडाशय आणि अंडनलिका आकसतात, थायरॉइडचं संप्रेरक वाढतं आणि जुनी पिसं सुटू लागतात. सुरुवात डोक्यापासून होते, मग मान, छाती, पाठ, पंख आणि शेवटी शेपूट. सगळं उरकायला साधारण दोन ते तीन महिने जातात. पिसाचा जवळजवळ ८५ टक्के भाग प्रथिनांचा असतो. एवढी पिसं नव्याने उभी करायची तर अंड्यांसाठी शरीराकडे काही उरत नाही.

एक गोष्ट कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. कमी अंडी देणारी कोंबडी सहसा लवकर झडायला लागते आणि पीस-पीस करत महिनोन्महिने रेंगाळते. भरपूर अंडी देणारी उशिरापर्यंत अंडी देत राहते आणि मग काही दिवसांतच उघडीबोडकी होते. म्हणजे सगळ्यांत भयाण दिसणारी कोंबडी अनेकदा खुराड्यातली सगळ्यांत चांगली असते. सुरीखाली तीच जावी, हे मला फार लागतं.

आता टोचण्याबद्दल. कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचू शकते याची उतरंड असते, हे नॉर्वेच्या थॉर्लीफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. ही उतरंड एकमेकींच्या ओळखीवर टिकते. अमेरिकेत गुल आणि ऑर्टमन यांनी कोंबड्यांची रूपं बदलून पाहिली आणि १९५३ साली निष्कर्ष छापला: अंगावरच्या बदलापेक्षा डोकं आणि मान यांतल्या बदलाने ओळख जास्त बिघडते. पीसझड सुरू होते ती तिथूनच. संप्रेरकांचाही यात हात आहे. शिकागोत ॲली आणि सहकाऱ्यांनी १९३९मध्ये खालच्या पायरीवरच्या कोंबड्यांना टेस्टोस्टेरॉन टोचलं, तर त्या वरच्या पायऱ्यांवर चढल्या. पीसझडीत उलट घडत असावं, असं मला वाटतं. लैंगिक संप्रेरकं उतरतात, तुरा लहान होतो, कोंबडी सामना टाळते आणि कालपर्यंत तिला वचकून असलेल्या कोंबड्या तिच्यावर धावून येतात.

तिसरं कारण रक्ताचं. उगवणारं पीस म्हणजे कातडीतून वर आलेला निळसर खुंट, आत रक्ताने भरलेला. चोच लागली की तो फुटतो, दुखतो आणि लाल ठिपका दिसतो. कोंबड्या लाल रंगाकडे ओढल्या जातात. एकदा रक्ताची चव लागली की टोचणं थांबवणं अवघड होऊन बसतं.

म्हणून जखम दिसली की त्याच दिवशी तिला वेगळी करावी, पण नजरेआड करू नये. काही आठवडे दिसेनाशी झालेली कोंबडी परत आली की कळप तिला परकी समजतो आणि भांडण पहिल्यापासून सुरू होतं. आपल्याकडचं डालं इथे अगदी योग्य ठरतं. मोठं डालं सावलीत, बाकीच्यांच्या मधोमध ठेवावं, दाणापाणी आत द्यावं. फटींतून चोची पोचत असतील तर बाहेरून जाळी गुंडाळावी. जखम स्वच्छ धुऊन औषध पशुवैद्यकाला विचारून लावावं. मुलांनी माया म्हणूनही तिला उचलू नये, कारण दाबले गेलेले खुंट दुखतात.

खायला प्रथिनं वाढवावीत. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ती १६ ते १८ टक्के असतात, या दिवसांत २०च्या आसपास असलेली बरी. शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड चालते, वाळवी मिळाली तर उत्तमच. पिसांना गंधकयुक्त अमिनो आम्लं लागतात आणि ती मासळीत चांगली असतात. मात्र सुकट, जवळा भिजवून ते पाणी फेकून द्यावं, जास्तीचं मीठ कोंबडीला बाधतं. अंडी बंद असल्याने चुन्याची गरज घटते, म्हणून शिंपल्यांचा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या वाटीत ठेवावा.

पीसझडच आहे ना, हेही पाहायला हवं. झड दोन्ही बाजूंना सारखी असते आणि उघड्या जागी खुंट दिसतात. पिसं मधेच तुटलेली असतील तर ते इतर कोंबड्यांचं काम. नुसती पाठ उघडी असेल तर बहुधा कोंबड्याचं. शेपटीखाली पिसं बाजूला करून उवा शोधाव्यात आणि रात्री विजेरी घेऊन खुराड्याच्या फटी तपासाव्यात. तांबडे माइट दिवसा तिथे लपतात आणि रात्री रक्त पितात.

बाहेरच्या कोंबड्यांचीही सोय करावी. दाणापाण्याची भांडी दोन-तीन जागी ठेवावीत, पाला उंच टांगावा, पालापाचोळ्यात दाणे विखरावेत. उकरण्यात गुंतलेली चोच दुसरीच्या पाठीवर कमी जाते. एकच कोंबडी दांडगाई करत असेल तर चार दिवस तिलाच डाल्याखाली घालावी.

मानेवरचे खुंट उलगडून पिसं झाली की पीसझडीतल्या कोंबडीला संध्याकाळी, सगळ्या दांडीवर चढल्यावर, आत सोडावं. सकाळी थोडी चोचाचोची होईल, ती होऊ द्यावी. रक्त निघालं तर पुन्हा डालं. तुरा लाल आणि टवटवीत झाला की काही आठवड्यांत अंडी सुरू होतात आणि ती बहुधा आधीपेक्षा मोठी, घट्ट कवचाची असतात.