नऊ मिलीसेकंदांची उसंत

हेल्मेट घेताना आपण वरचं कवच बोटांनी वाजवून बघतो. कवच टणक हवंच. ते खडा आत घुसू देत नाही, मार पसरवतं. पण डोकं वाचवतो तो आतला थर्माकोल. कापडी अस्तर उचललंत तर दिसेल: एकमेकांना चिकटलेल्या दाण्यांचा चांगला जाड थर, बहुतेक सगळा हवेचाच.

त्याचं काम समजायला थोडा हिशोब मांडू. स्कूटरवरून पडताना डोकं साधारण दीड मीटरवरून खाली येतं. जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला ५.४ मीटर असतो. डोक्याचं वस्तुमान ५ किलो धरलं, तर संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, झाला २७. हा सगळा संवेग शून्यावर येणारच. त्यात हेल्मेट तसूभरही सूट देत नाही. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या दुसऱ्या नियमानुसार, संवेगातल्या बदलाला त्यासाठी लागलेल्या वेळाने भागलं की सरासरी बल मिळतं. आपल्या हाती आहे तो फक्त वेळ.

उघडं डोकं डांबरावर आपटून २ मिलीसेकंदांत थांबलं असं समजा. २७ भागिले ०.००२, म्हणजे १३,५०० न्यूटन. जवळजवळ चौदा क्विंटलांचं ओझं, तेही कवटीच्या एवढ्याशा जागेवर! आता मध्ये थर्माकोल आला आणि तो ३ सेंटिमीटर चेपला. थांबायला ११ मिलीसेकंद मिळाले. बल उतरलं २,४५० न्यूटनवर, म्हणजे अडीच क्विंटलांवर. पापणी लवायला याच्या दसपट तरी वेळ लागतो, पण या नऊ मिलीसेकंदांच्या उसंतीत माणूस वाचू शकतो.

असा चेपला जाणारा थर असलेल्या हेल्मेटचं पेटंट अमेरिकेत रॉथ आणि लोंबार्ड यांना १९५३ मध्ये मिळालं. रस्त्याकडेला मिळणाऱ्या टोप्यांत मात्र कित्येकदा नुसता स्पंज असतो. तो डोक्याच्या भाराखाली लगेच तळाला टेकतो आणि वेळ काही मिळत नाही. अशी टोपी पोलिसांना दाखवण्यापुरतीच, आणि ती विकली जाते याचा मला राग येतो.

थर्माकोलच्या मखरावर नखाने उमटलेली खूण आठवा. ती पुन्हा भरून येत नाही. एकदा जोरात आपटलेल्या हेल्मेटचं आत तेच झालेलं असतं, वरून ओरखडाही दिसत नसला तरी. ते बदलाच. आणि नव्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट लावा. सैल हेल्मेट डोकं रस्त्याला टेकण्याआधीच निसटून घरंगळत गेलेलं असतं.