मातीचा किल्ला आणि बारा दिवसांचे गणित

दिवाळीत अंगणात बांधला जाणारा किल्ला ही महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेली प्रतिकृती आहे. तिची तारीख पंचांग ठरवते आणि ती पुढे ढकलता येत नाही. दिवाळी सुरू होते ती वसुबारस आश्विन वद्य द्वादशीला येते आणि किल्ला तिच्या आधी तयार हवा. कोजागरी झाल्यावर कामाला हात घातला, तर तोवर बारा दिवस मिळतात. तिथीच्या वृद्धीक्षयाने एखादा कमी-जास्त. ओली माती वाळायला आणि बी उगवायला लागणारा वेळ हातांचा वेग वाढवून कमी होत नाही. म्हणून किल्ल्याचे वेळापत्रक वसुबारसेपासून उलटे मोजावे लागते.

किल्ल्यावरची हिरवळ हळिवाची किंवा मोहरीची असते. हळीव भिजवला की त्याला चिकट बुळबुळीत थर येतो आणि तो उभ्या उतारालाही धरून राहतो, म्हणून कड्यांसाठी तो उत्तम. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, पाच-सहा दिवसांत उतार भरून येतो. त्यापुढे रोपे लांबतात आणि नवरात्रातल्या घटातल्या धानासारखी आडवी पडू लागतात. म्हणजे पेरणी षष्ठीच्या सुमारास व्हायला हवी. एकदा बी टाकले की पाणी शिंपडण्यापलीकडे उताराला हात लावता येत नाही. लिंपण आणि गेरूचा हात त्याआधीच संपलेले असावेत. बारा दिवसांतले मातीकामाचे दिवस उरतात सहाच.

या सहा दिवसांत काय बसेल, हे प्रमाणावर ठरते. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे. त्याची संजीवनी माचीच सुमारे अडीच किलोमीटर लांब. एकास हजार प्रमाणात ती अडीच मीटर होते आणि माणूस दोन मिलिमीटरही भरत नाही. त्यापेक्षा रायगडाचा एकटा महादरवाजा घ्यावा. त्याचे दोन बुरूज सुमारे ७५ आणि ६५ फूट उंच सांगितले जातात. एकास पन्नास प्रमाणात ते दीड फूट आणि सव्वा फुटाच्या किंचित वर येतात आणि पहारेकरी सव्वा इंचाचा होतो. बाजारातला तीन इंची मावळा तिथे उभा केला, तर तो साडेबारा फुटांचा ठरेल. संपूर्ण गड घाईने उरकण्यापेक्षा एक दरवाजा नीट करणे केव्हाही चांगले, आणि हा निर्णय माती कालवण्यापूर्वी, कागदावर आकडेमोड करून घ्यायचा असतो.

प्रमाण ठरले की प्रश्न उरतो मातीचा. उदाहरणार्थ, बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे येथे हाताशी असते ती कपाशीची काळी माती. ओली असताना ती फुगते, वाळताना आकसते आणि उन्हाळ्यात शेताला पडतात तशा भेगा किल्ल्यालाही पाडते. एकाच दमात चार बोटे जाड थर चढवला, की वरची कातडी आधी वाळते, आतला गाभा ओला राहतो आणि बुरूज उभा चिरतो. यावर उपाय आहेत. पोकळी दगड-विटांनी आणि गेल्या वर्षीच्या वाळक्या पऱ्हाट्यांनी भरून काढावी, म्हणजे माती कमी लागते. त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट अंथरावे. पहिल्या थरात बारीक कुटार मिसळावे. काड्या मातीला धरून ठेवतात. जुन्या घरांच्या धाब्यावर टाकतात ती पांढरी माती मिळाली, तर वरचा हात तिचाच द्यावा, कारण ती काळीइतकी आकसत नाही.

प्रत्येक थर बोटभर जाडीचा असावा आणि पुढचा थर आधीच्या थराला विचारून द्यावा. हाताची मागची बाजू भिंतीला लावली आणि ती गार लागली, तर आत ओल आहे. माती बोटाने दबत नाही पण नखाने ओरखडा उठतो, ती वेळ भेगा बुजवण्याची. पूर्ण वाळल्यावर बुजवलेली भेग नुसती खपली होऊन निघते. दुपारच्या कडक उन्हात ओले पोते झाकून वाळण्याचा वेग मुद्दाम कमी करावा लागतो. घाई असलेल्याला हे पटत नाही, पण तडकलेला बुरूज पाडून पुन्हा बांधण्यात दोन दिवस जातात.

माती वाळत असतानाचा वेळ सुट्या भागांचा. दरवाजाची पुठ्ठ्याची दारे, तोफा, तटाच्या चर्या सावलीत ताटावर तयार होतात. किती वेळ लागेल याचा अंदाज घ्यायची खात्रीची रीत म्हणजे आधी पाच चर्या करून घड्याळ पाहणे. पाचांना वीस मिनिटे लागली, तर साठांना चार तास, म्हणजे दोन-तीन संध्याकाळी. सहामाही परीक्षा, सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी यांच्या हंगामात हाती खऱ्या अर्थाने संध्याकाळच असते. संध्याकाळी थर, रात्री वाळवण, सकाळी शाळेआधी भेगा, असा क्रम लावला की दिवस वाया जात नाही. परतीच्या पावसासाठी खताची रिकामी पोती शिवून ठेवावीत. घरची ताडपत्री तेव्हा बहुधा सोयाबीनच्या गंजीवर असते.

वेळ कमी पडला की प्लास्टर ऑफ पॅरिसकडे हात जातो. ते काही मिनिटांत घट्ट होते, पण तेवढ्यात चूक सुधारायलाही वाव राहत नाही आणि त्यावर हळीव रुजत नाही. उशीर झालाच, तर पायथ्याचे गाव, तळे, दिव्यांची माळ सोडून द्यावी. वाळवणीचा वेळ मात्र कापू नये, आणि ओल्या मातीवर गेरू लावू नये, कारण त्याचे डाग पडतात.

अनेक ठिकाणी किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात आणि मग माती पुन्हा बांधावर जाते. दारे, तोफा आणि चर्या मात्र कोरड्या डब्यात भरून, वर प्रमाण लिहून ठेवल्या, तर पुढच्या कोजागरीला त्याच मापाचा तट थेट मातीपासून सुरू करता येतो.