गिरणीच्या आवारातील मक्याची भाकरी

परळ आणि लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारांत आता जगातील बहुतेक खाद्यपद्धतींनी आपले बस्तान बसविले आहे. त्यांत एखाद्या मेक्सिकन उपाहारगृहाची भर पडली की भोवतालच्या कचेऱ्यांतील तरुण मंडळी तेथे गर्दी करतात. पलीकडच्या चाळीतील वडीलधारी माणसे मात्र ‘हे आता काय नवे खूळ?’ अशा नजरेने त्याकडे पाहतात. तरुणांना हे अन्न नवे वाटते आणि वृद्धांना ते परके वाटते. वास्तविक ते नवेही नाही आणि परकेही नाही.

ताटात येते तरी काय? टॉर्टिया नावाची मक्याची लहानशी भाकरी. तिच्यात मांस किंवा भाजी दुमडून घेतली की तिचा टाको होतो. सोबत टोमॅटो-मिरचीचे झणझणीत वाटण, घोटलेला राजमा, कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. काट्या-चमच्याची गरज नाही. हाताने उचलावे आणि खावे. ज्याने शेताच्या बांधावर बसून भाकरी, ठेचा आणि कांदा खाल्ला आहे, त्याला या ताटाची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही.

हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. मका, मिरची आणि टोमॅटो ही मूळची मेक्सिकोच्या परिसरातील पिके. डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूचा आपण अभिमान बाळगतो, त्याचे मूळही तिकडचेच. सोळाव्या शतकापासून, बव्हंशी पोर्तुगीजांच्या गलबतांतून, अमेरिका खंडातील पिके आपल्याकडे आली. मिरचीवाचून मराठी स्वयंपाकाची कल्पनाही आज करवत नाही. परंतु ज्ञानेश्वरांच्या काळी तिचे नावही कोणास ठाऊक नव्हते. तेव्हा ‘आपले’ अन्न आणि ‘परके’ अन्न यांच्यामधील भिंत आपण समजतो तितकी पक्की नाही.

ही देवघेव एकाच दिशेने झाली असेही नाही. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे गदर चळवळीनंतर भटकत 1924 च्या सुमारास मेक्सिकोत पोहोचले. तेथील चापिंगोच्या कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मका व गहू यांच्या वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीतील भित्तिचित्रात त्यांना श्रमिकांच्या पंगतीत भाकर मोडणारा पुरुष म्हणून रेखाटले. 1967 मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, 1966 मध्ये, भारताने मेक्सिकोतून सुमारे अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणले आणि हरितक्रांतीची पायाभरणी झाली. म्हणजे आपल्या पोळीतही मेक्सिकोचा अंश आहे.

परंतु या इतिहासात एक इशाराही दडलेला आहे. मेक्सिकोतील स्त्रिया मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून मग दळीत. त्यामुळे दाण्याचे टरफल सुटते, पीठ चिकट होऊन भाकरी नीट थापता येते आणि दाण्यात बांधले गेलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. युरोपीयांनी मका नेला, पण चुन्याची ही रीत मागेच ठेवली. परिणामी उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच जगणाऱ्या गोरगरिबांना पेलाग्रा या व्याधीने ग्रासले. धान्य उचलले, पण ते पिकवणाऱ्या-रांधणाऱ्यांचे शहाणपण उचलले नाही, त्याची ही किंमत.

परळमध्ये नेमके हेच घडत नाही काय? गिरण्यांची धुराडी, दगडी भिंती आणि लोखंडी खांब शोभेसाठी राखले जातात. त्या भिंतींआड राबणाऱ्यांची जीवनरीत मात्र मागे सोडली जाते. या गिरणगावाची स्वतःची एक भोजनसंस्था होती. कोकणातून आणि घाटावरून एकट्याने आलेल्या कामगारांना चाळीच्या एकेका खोलीतून खाणावळवाल्या बाया दोन वेळचे जेवू घालीत, तेही उधारीवर, पगाराच्या दिवसापर्यंत. सावकाराच्या पाशातून या बायांना सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना बँकांची दारे उघडून दिली. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्यांचे भोंगे थांबले आणि त्यांच्याबरोबर या चुलीही एकेक करून विझत गेल्या.

पुढे 1991 च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकांसाठी ठरविला. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. शहराच्या वाट्याची मोठी जमीन अशी निसटली. जे उभे राहिले तेही किती घाईने उभे राहिले, हे 29 डिसेंबर 2017 च्या रात्री कमला मिलमधील गच्चीवरच्या उपाहारगृहांच्या आगीत चौदा जीव गेले तेव्हा सर्वांना दिसले.

म्हणून आमचा आक्षेप टाकोला नाही. तो तर कष्टकऱ्यांचाच घास. मेक्सिकोच्या रस्त्यांवर मजूर उभ्याउभ्या खातो तो. आक्षेप आहे तो कष्टकऱ्यांचे अन्न श्रीमंतांची चैन होऊन बसण्याला, आणि तेही कष्टकऱ्यांच्याच जमिनीवर. त्याच परळमध्ये केईएम आणि टाटा रुग्णालये आहेत. गावोगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तेथे आठवडेच्या आठवडे काढतात. त्यांपैकी अनेकांना पदपथावर पथारी पसरावी लागते. कचेऱ्यांतील शिपाई, पहारेकरी, आणि त्या झगमगत्या उपाहारगृहांत भांडी घासणारी मुलेही येथेच राबतात. या सर्वांनी दुपारी जेवावयाचे कोठे? 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देण्याची घोषणा झाली. योजना आली आणि गेली. सरकारी दयेवर चालणारी चूल फार दिवस पेटत नाही, हा त्याचा धडा. उलट खाणावळवाल्यांच्या चुली कोणत्याही घोषणेवाचून पिढ्यान् पिढ्या पेटत होत्या. कारण त्या व्यवहाराच्या आणि विश्वासाच्या पायावर उभ्या होत्या.

मोठ्या इमारतींच्या तळमजल्यावर महिलांच्या सहकारी खाणावळीसाठी माफक भाड्याचा एकेक गाळा राखून ठेवणे महापालिकेला आणि मालकांना अशक्य नाही. मेक्सिकन भाकरी परळमध्ये सुखाने राहो. मात्र तिच्या शेजारी ज्वारीच्या भाकरीलाही गाळा मिळाला पाहिजे, आणि ती थापणारीच्या हाती त्या गाळ्याची किल्ली असली पाहिजे.