टेरी बोगार्डचं मूळ घर

बोईसरच्या व्हिडिओ पार्लरमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ खेळताना ती सगळी माणसं मला एकाच घरची वाटत. मूळ गेम मी पाहिलेच नव्हते. ओसाकाच्या एसएनके कंपनीने १९९४पासून आपल्याच जुन्या गेममधली पात्रं या मालिकेत एकत्र आणली. टेरी बोगार्ड १९९१च्या ‘फेटल फ्युरी’तला. राल्फ आणि क्लार्क तर १९८६च्या ‘इकारी वॉरियर्स’मधले बंदूकधारी सैनिक, इथे आणताना त्यांच्या बंदुका काढून घेऊन ठोसे आणि कुस्तीचे डाव द्यावे लागले. (क्लार्कची पकड आम्हाला कधी सुटली नाही.) २००० साली टेरी प्रतिस्पर्धी कॅपकॉमच्या गेममध्ये रयूसमोर उभा राहिला. पुढच्याच वर्षी मूळ एसएनके दिवाळखोरीत गेली. टेरी मात्र २०१९मध्ये निन्टेंडोच्या ‘स्मॅश ब्रदर्स’मध्ये पोचला, लाल टोपीसकट.