विद्यापीठाजवळ किरायाची खोली : सौदा थेट, पण लिखापढी पक्की हवी

गडचिरोली येथे 27 सप्टेंबर 2011 रोजी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांचे नागपूरचे हेलपाटे बरेच कमी झाले. मात्र अंतराचा प्रश्न राहिलाच. चंद्रपूरहून गडचिरोली सुमारे 80 किलोमीटर, तर सिरोंच्याहून 200 किलोमीटरपेक्षा जास्त. रोज एस.टी.ने जाऊन-येऊन शिकणे बहुतेकांना जमत नाही. बल्लारपूर, राजुरा, अहेरी, आलापल्ली येथील आमच्या कापडवाल्या, शिलाईवाल्या, गॅरेजवाल्या बांधवांच्या मुलामुलींना वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर किरायाची खोली शोधावी लागते. मुलीसाठी भरवशाची खोली मिळाली नाही की घरात सर्वप्रथम तिचेच शिक्षण बंद होते. म्हणून या विषयाचा विचार व्यापारी बांधवांनी करणे जरूरीचे आहे.

मालक कोण, हे आधी पाहा

दलाल मध्ये असला की अनेक ठिकाणी महिन्याभराचा किराया दलालीतच जातो. थेट मालकाशी बोलल्यास तो वाचतो. परंतु मग चौकशीची जबाबदारी आपल्यावर येते. समोरचा माणूस खरोखर मालक आहे काय? नगर परिषदेची घरटॅक्स पावती आणि वीजबिल कोणाच्या नावे आहे, हे पाहावे. विजेचे वेगळे मीटर आहे काय, पाणी किती वेळ येते, मुलींच्या खोलीला आतून मजबूत कडी आहे काय, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारावे. मालकाला यात राग येण्याचे कारण नाही. थान घेताना आम्हीही पन्हा मोजूनच घेतो.

अकरा महिन्यांचा गैरसमज

अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, असे पुष्कळ लोक समजतात. हे बरोबर नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय लेखी करार नसेल तर अटींबाबत किरायदाराचे म्हणणे खरे धरले जाते. उलट सिद्ध करणे मालकाच्या माथी येते. म्हणजे कागद मालकाच्याही फायद्याचा आहे.

खर्चही फार नाही. लिव्ह अँड लायसन्स करारावर एकूण किरायाच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून ती रक्कम किरायात मिळवतात. समजा किराया 4000, मुदत 11 महिने, डिपॉझिट 10000, तर शुल्क शे-सव्वाशेच्या घरात येते. नोंदणी फी शहरी भागात 1000 आणि ग्रामीण भागात 500 रुपये. किरायाची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. वाद झाला म्हणून वीज-पाणी तोडण्याचा अधिकार त्याला नाही. किरायदाराची माहिती पोलिस ठाण्यात द्यावी, म्हणजे पुढे कोणालाच त्रास नाही.

डिपॉझिट ही अमानत

कुरआनातील सर्वात लांब आयत, सूरह बकराची 282 वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्यास व गवाह ठेवण्यास सांगते. तेव्हा ओळखीच्या माणसाकडून कागद मागणे हा अविश्वास नव्हे. डिपॉझिट किती, त्यातून काय कापणार, किती दिवसांत परत देणार, हे करारात स्पष्ट लिहावे.

काही जण मोठी रक्कम घेतात, किराया घेत नाहीत आणि घर सोडताना रक्कम जशीच्या तशी परत करतात. याला हेवी डिपॉझिट म्हणतात. कर्जावर फायदा घेणे म्हणजे सूद, म्हणून अनेक उलेमा याला नाजायज ठरवतात. असा सौदा करण्यापूर्वी आपल्या भागातील मुफ्ती साहेबांना जरूर विचारावे.

आणखी एक बाब. अनेक घरे आजही मरहूम वडिलांच्या नावे आहेत. एक भाऊ खोल्या किरायाने देतो आणि पैसा एकटाच ठेवतो. शरीअतने घरात बहिणीचा हिस्सा ठेवला आहे, तसा तो किरायातही आहे. तो दिल्याशिवाय ही कमाई हलाल कशी म्हणावी?

ज्यांच्या खोल्या रिकाम्या आहेत त्यांनी त्या विद्यार्थ्यांना रास्त किरायाने द्याव्यात. आमच्या मुलांना नाव ऐकताच “खोली गेली” असे उत्तर मिळते तेव्हा आम्हाला दुःख होते. मग दारात आलेल्या गोंड-माडिया मुलालाही तसे उत्तर जाता कामा नये. गडचिरोलीतील जमातीने दरवर्षी निकाल लागण्यापूर्वी अशा खोल्यांची यादी करून ठेवली, तर बाहेरगावच्या बापाला मुलीसाठी कोठे चौकशी करावी, हे तरी कळेल.