जोखमीचा हिशेब आणि बदलते हवामान

पावसाळा तोंडावर आला म्हणजे जनावरांना घटसर्प व फऱ्या या रोगांची लस टोचून घेण्याची पद्धत आता बहुतेक गावांत रुळली आहे. लस टोचण्याच्या दिवशी गोठ्यातील एकही जनावर आजारी नसते. त्या वर्षी गावात रोग येईलच असे पशुवैद्यकास सांगता येत नाही, आणि जनावरांचा मालकही त्याच्याकडे तसे लेखी आश्वासन मागत नाही. रोग आला तर ऐन पेरणीच्या दिवसांत बैल दगावेल, बैल गेला तर पेरणी अडेल, आणि लशीस लागणारा खर्च व वेळ त्या मानाने अगदी थोडा आहे, एवढा विचार त्यास पुरेसा वाटतो.

पिसाळल्याचा संशय असलेले कुत्रे चावले असताही मनुष्य असेच वागतो. ते कुत्रे खरोखर पिसाळलेले होते की नाही, याचा निकाल लागेपर्यंत शहाणा माणूस थांबत नाही. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुऊन तो तडक दवाखाना गाठतो. कारण रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे त्यावर इलाज उरत नाही. कडब्याची गंजी घरापासून दूर रचणे, बियाण्याची उगवणशक्ती पेरणीपूर्वी तपासून पाहणे, विहिरीला कठडा बांधणे, या सर्व गोष्टी याच जातीच्या आहेत. नुकसान झाले तर किती होईल, ते होण्याचा संभव किती, टाळण्यास खर्च किती आणि झालेले नुकसान मागाहून भरून काढता येईल काय, हे प्रश्न शेतकरी मनातल्या मनात रोज सोडवीत असतो.

बदलत्या हवामानाचा विषय निघाला म्हणजे मात्र हीच मंडळी निराळे माप काढतात. “हवामान बदलते आहे हे आधी पक्के सिद्ध होऊ द्या, मग काय ते पाहू,” असे गावोगावच्या बैठकांतून ऐकू येते. पक्क्या खात्रीची ही अट लशीला, बियाण्याला किंवा गंजीला कोणी लावीत नाही. ती फक्त हवामानालाच का लावावी, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

पेरणीचा हिशेब

सोयाबीनचे उदाहरण घेऊ. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरल्याशिवाय पेरणी करू नये, अशी कृषी खात्याची शिफारस आहे. तथापि पहिल्या सरीवरच तिफण धरणारे शेतकरी पुष्कळ आहेत, आणि ते अविचारी असतात असे नव्हे. लवकर पेरलेले पीक साधले तर उत्पन्न चार पैशांनी जास्त येते, व पुढील रब्बीसाठी रान वेळेवर मोकळे होते.

आता उदाहरणापुरते सोपे आकडे धरू. बियाणे, खत व पेरणीची मजुरी मिळून एकरी ८,००० रुपये खर्च येतो असे समजा. पुरेशा पावसाची वाट पाहिल्यामुळे एकरी १,००० रुपयांचे उत्पन्न घटते असेही समजा. पहिल्या सरीवरची पेरणी दहा वर्षांतून एकदा वाया जात असेल, तर दहा वर्षांत ८,००० रुपयांचे, म्हणजे वर्षाकाठी सरासरी ८०० रुपयांचे नुकसान होते. वाट पाहण्याचा खर्च १,००० रुपये आहे. सबब लवकर पेरणारा शेतकरी हिशेबाने बरोबर ठरतो. परंतु पहिल्या सरीनंतर पावसाची उघडीप पडून दहापैकी तीन वर्षे दुबार पेरणी करावी लागू लागली, तर हेच नुकसान वर्षाकाठी सरासरी २,४०० रुपयांवर जाते, आणि तोच नियम तोट्याचा होतो. वडिलांचा आडाखा चुकीचा नव्हता. तो ज्या पावसावर बसविलेला होता, तो पाऊस बदलला.

या हिशेबात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, निर्णयासाठी धोक्याचा नेमका आकडा लागत नाही. वरील उदाहरणात आठ वर्षांतून एकदा ही सीमारेषा आहे. पेरणी वाया जाण्याचा संभव या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढे समजले तरी पुरे. तो दहापैकी तीन आहे की चार, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दोहोंचे उत्तर एकच येते.

मात्र सरासरी हे सर्वस्व नव्हे. वीस एकरांच्या बागायतदाराचे एकरी ८,००० रुपये बुडाले, तर त्याचे एक वर्ष कष्टाचे जाते. दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने तीच रक्कम उसनवारीने आणलेली असते. ती बुडाली म्हणजे दुसऱ्या पेरणीसाठी पुन्हा कर्ज, आणि तेही मिळेल त्या व्याजाने. यास्तव धोका दहापैकी एकच असला तरी अशा शेतकऱ्याने वाट पाहणे हितावह ठरते. ज्याची सोसण्याची ताकद कमी, त्याने सावधगिरी जास्त बाळगावी, हा नियम पुढे देशाच्या व जगाच्या हिशेबातही उपयोगी पडणारा आहे.

धोका कितपत वाढला आहे?

कोळसा, तेल व वायू जाळल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढतो व तो पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ पासून याची सलग मोजणी चालू आहे. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे तापमान १८५० ते १९०० या काळाच्या मानाने सुमारे १.१ अंश सेल्सियसने अधिक होते. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा तो अधिक जोराने कोसळण्याचा संभव वाढतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे त्यात दिसून आले.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. दुष्काळ पूर्वीही पडत होते. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनने भोगला, आणि १९७२ चा दुष्काळ तर आजही वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. हे सर्व खरे आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट, ऑक्टोबर २०१९ मध्ये काढणीस आलेल्या सोयाबीनवर व द्राक्षबागांवर झालेला पाऊस, १९०१ पासूनच्या नोंदीत देशभरात सर्वांत कोरडा ठरलेला ऑगस्ट २०२३, सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जमिनी खरडून नेणारे पूर, यांपैकी प्रत्येक आपत्ती केवळ हवामान बदलामुळेच आली, असे म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही. परंतु जनावरे पूर्वीही रोगाने मरत होती, म्हणून लस निरुपयोगी ठरत नाही. प्रश्न आपत्ती नवी आहे की जुनी हा नसून, ती किती वर्षांनी येते हा आहे.

पुढील वीस वर्षांत अमुक तालुक्यात किती पाऊस पडेल, हे आज कोणासही खात्रीने सांगता येत नाही. कित्येकांस हे थांबून राहण्यास पुरेसे कारण वाटते. वस्तुतः अनिश्चितता दोन्ही अंगांनी असते. अंदाजापेक्षा कमी बिघडेल हे जितके संभवनीय, तितकेच अधिक बिघडेल हेही संभवनीय आहे. वाट दिसत नसताना बैलगाडी हळू हाकतात, जोरात नव्हे.

स्वतःच्या रानातील उपाय

काही उपाय असे आहेत की हवामान बिघडो वा न बिघडो, त्यांत तोटा नाही. रुंद सरी वरंबा पद्धतीने पेरलेल्या सोयाबीनमध्ये पावसाची उघडीप पडली तर सरीत मुरलेली ओल कामी येते, आणि अतिवृष्टी झाली तर सरीवाटे जादा पाणी निघून जाते. शिवाय बियाणे कमी लागते. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घेतल्या तर एक पीक हुकले तरी दुसरे हाती राहते. बांधबंदिस्ती, निचऱ्याचे चर, सेंद्रिय खत, उसाचे पाचट न जाळता सरीत कुजविणे, ही कामेही याच वर्गात येतात. यांच्यासाठी हवामान बदलावर विश्वास असण्याचीही गरज नाही.

दुसऱ्या वर्गातील उपाय खर्चाचे असतात, व त्यांचा लाभ एखाद्या विशिष्ट धोक्यावर अवलंबून असतो. द्राक्षबागेवर प्लास्टिकचे आच्छादन घालणे किंवा शेततळ्यास अस्तर लावणे या बाबतीत वर दाखविल्याप्रमाणे हिशेब केल्याशिवाय कर्ज काढू नये. शेततळ्याविषयी येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलेले तळे धोका कमी करते. कूपनलिकेने उपसून भरलेले तळे तोच धोका शेजाऱ्याच्या विहिरीत लोटते, आणि त्यातील पाणी उन्हात उडून जाते ते निराळेच.

पीक विम्याचे काम यापेक्षा वेगळे आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ पासून लागू आहे. खरिपातील अन्नधान्य व गळिताच्या पिकांसाठी शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या कमाल २ टक्के असतो. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा मिळत असे. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. विमा पीक वाचवीत नाही, तो फक्त नुकसानीचा काही भार दुसऱ्याच्या खांद्यावर देतो. म्हणून विमा उतरविला की निचऱ्याचे चर काढण्याचे कारण नाही, ही समजूत घातक आहे.

एकट्याने न होणारे काम

हवेतील वायू कमी करण्याचे काम मात्र एका रानाचे किंवा एका गावाचे नव्हे. गावतळ्यातील गाळ एकट्याने उपसला तर तळे भरत नाही. आणि प्रत्येकाने “दुसरा उपसेल” असे म्हटले तरी भरत नाही. जगातील राष्ट्रांनी २०१५ साली पॅरिस येथे तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली ठेवण्याचा व शक्यतो १.५ अंशांवर रोखण्याचा करार केला. भारताने २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे २०२१ साली जाहीर केले. भारताचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीहून कमी आहे. तेव्हा ज्यांनी तळ्यात अधिक गाळ लोटला त्यांनी अधिक पाट्या उचलाव्यात, ही आपली मागणी न्याय्यच आहे. तथापि तळे कोरडे पडले म्हणजे ते सर्वांनाच कोरडे पडते, व उथळ विहिरीवाल्यास आधी.

या ठिकाणी चौथा प्रश्न निर्णायक ठरतो. वाया गेलेली पेरणी दुसऱ्यांदा करता येते. हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षे तेथेच राहतो. त्यास दुबार पेरणी नाही. उपाययोजना करूनही धोका अपेक्षेपेक्षा कमी निघाला तर काही खर्च अकाली झाला, इतकेच म्हणता येईल. उपाय केला नाही आणि धोका खरा ठरला, तर पुढील पिढीच्या हाती मागे फिरण्याचा मार्ग उरत नाही. दोन्ही चुका संभवतात. पण त्या सारख्या नव्हेत.

उपायास खर्च आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. चंद्रपूरच्या कोळसा खाणींवर ज्यांची चूल पेटते, त्यांच्या दृष्टीने हा खर्च कागदावरचा नव्हे, आणि त्यांचे पुनर्वसन हा त्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे. शेतीत मात्र पुष्कळशी बचत आधी शेतकऱ्याच्याच खिशात पडते. जादा युरियातून नायट्रस ऑक्साइड हा वायू निघतो, व वजनास वजन त्याची उष्णता धरण्याची शक्ती शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट आहे. माती परीक्षणानुसार खत देणारा शेतकरी स्वतःचे पैसे वाचवितो आणि हा वायूही कमी करतो.

गावातील बैठक कशी घ्यावी?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हवामान बदलावर व्याख्यान देण्याऐवजी एक पीक, एक धोका व एक उपाय घेऊन हिशेब मांडावा. खर्चाचे आकडे शेतकऱ्यांच्याच तोंडून घ्यावेत. उपायाचा वार्षिक खर्च एका बाजूस व टळणारे नुकसान दुसऱ्या बाजूस लिहून, किती वर्षांतून एकदा धोका आला तर उपाय परवडतो, ही सीमारेषा प्रथम काढावी. नंतर महसूल मंडळातील पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदी पाहून पेरणीनंतरची मोठी उघडीप किती वर्षे आली ते मोजावे. एका पर्जन्यमापकाच्या पंधरा-वीस वर्षांच्या नोंदीवरून हवामान बदलले असा निष्कर्ष काढू नये. तेवढ्या नोंदीत योगायोगाचा भाग मोठा असतो. विस्तृत प्रदेशाच्या अभ्यासाची जोड त्यास द्यावी, आणि सीमारेषेच्या जवळपास उत्तर येत असेल तर लहान शेतकऱ्यास सावधगिरीचा सल्ला द्यावा. हंगाम सुरू झाल्यावर भारत हवामान विभागाच्या कृषी हवामान सल्ल्याचे आठवड्यातून दोन वेळा वाचन करावे.

बैठक मे महिन्यात, बियाणे खरेदीपूर्वी घेणे इष्ट. हिशेबाचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, आणि दिवाळीनंतर त्याच कागदावर पहिला पुरेसा पाऊस कोणत्या तारखेस झाला, उघडीप किती दिवस राहिली व किती एकरांवर दुबार पेरणी झाली, याची नोंद करून तो पुढील वर्षाच्या बैठकीसाठी जपून ठेवावा.